वर्गातलं कोणतं काम यंत्राला द्यावं, कोणतं आपल्याकडे ठेवावं

पालकसभेत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "बाई, मोबाइल आता सगळंच शिकवतो म्हणतात. मग पुढं शिक्षक लागतील तरी का?" विचारणाऱ्याला वाद घालायचा नसतो. शेजारच्या घरातला मुलगा बसनं वाळपईला इंग्रजी शाळेत जातो, त्याच्याकडे कसलंसं ॲप आहे, मग आपल्या पोराचं काय, एवढाच त्याचा हिशेब असतो. मी हो किंवा नाही म्हणत नाही. दिवसभरात मी जी कामं करते त्यांची यादी वाचून दाखवते आणि विचारते, यातलं कुठलं काम ॲपला देऊया? अर्ध्या तासात पालकच त्या यादीची वाटणी करतात, आणि ती बरीच शहाणपणाची असते.

तीच वाटणी नव्यानं रुजू झालेल्या शिक्षकांना करता यावी म्हणून हे लिहिते आहे. माझी शाळा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढं. सरकारी मराठी प्राथमिक, पहिली ते चौथी, चौदा मुलं, एक खोली, एक शिक्षक. भिंतीवर एक मोठा पडदा आहे, तीन टॅब आहेत आणि माझा फोन. नेटवर्क व्हरांड्याच्या कडेच्या खांबाजवळ येतं. तुमच्याकडे यापेक्षा जास्त सामान असेल तर उत्तमच, रीत तीच चालेल.

आधी वही, मग टॅब

आठवडाभर एक जुनी वही टेबलावर उघडी ठेवा. वर्गात जे काम कराल ते दोन-चार शब्दांत टिपत जा. अक्षर कसंही चालेल. "तिसरीचे पाढे म्हणून घेतले." "दुसरीतल्या दोघांचं पेन्सिलीवरून भांडण." "एकीला ताप, आईला फोन." "चौथीचं शुद्धलेखन तपासलं." "माध्यान्ह आहाराचे पाव मोजून घेतले." "पोर्टलवर आकडे भरले. पान उडालं, पुन्हा भरले."

शनिवारी मुलं गेल्यावर ती वही घेऊन बसा आणि प्रत्येक ओळीपुढं खूण करा. मी तीन अक्षरं वापरते: य म्हणजे यंत्र, ब म्हणजे बाई, द म्हणजे दोघं. खूण करताना स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: मुलाचं चुकलं तर पुढं काय करायचं, हे मला त्या मुलाकडे न बघता ठाऊक आहे का?

ठाऊक असेल तर काम यंत्राचं. सातचा पाढा चुकला, परत म्हण. राजधानीचं नाव चुकलं, बरोबर नाव दाखव. यात माझ्या डोळ्यांची गरज नाही, आणि यंत्र माझ्यापेक्षा कमी वैतागतं. पण जिथं चूक बघून "हा असं का करतोय?" असा प्रश्न पडतो, तिथं काम बाईंचं. भांडण बाईंचं. ताप बाईंचा. पहिलीतली मुलगी 'क' उलटा काढते तेव्हा तिनं पेन्सिल कशी धरली आहे, सुरुवात कुठून करते आहे, हे तिच्या शेजारी उकिडवं बसल्याशिवाय दिसत नाही.

पहिल्यांदा ही वाटणी कराल तेव्हा गंमत होईल. य लागलेल्या बऱ्याच ओळी शिकवण्याच्या नसतीलच. हजेरीची बेरीज, आहाराची नोंद, गणवेशाच्या मापांचा तक्ता, त्याच त्या माहितीचे चार वेगवेगळे नमुने. इथं यंत्रानं माझी जागा आजच घ्यावी, मी हार घालून स्वागत करीन. प्रत्यक्षात उलटं घडलं आहे, कागदी रजिस्टर राहिलंच आणि वर ऑनलाइन नोंद आली. म्हणून तुमच्या मुख्याध्यापकांशी किंवा भागशिक्षणाधिकाऱ्यांशी तंत्रज्ञानाबद्दल बोलायची संधी मिळाली, तर स्मार्ट बोर्ड मागण्याआधी हे मागा: एकदा भरलेली माहिती परत भरावी लागू नये. तेवढ्यानं शिकवायला रोज थोडा वेळ मोकळा होईल.

कुणी फार स्वप्नं दाखवू लागलं तर

असे लोक येतात. कधी विक्रेता, कधी प्रशिक्षणातला वक्ता. "येत्या काही वर्षांत वर्गच राहणार नाही" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वाद घालू नका, एवढं लक्षात असू द्या की थॉमस एडिसननं १९१३ मध्येच सांगितलं होतं की शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील आणि चित्रपटांमुळं दहा वर्षांत शाळेची सगळी पद्धत बदलेल. आपल्याकडे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा वर्षभर 'साइट' हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या नासाचा एटीएस-६ उपग्रह, इस्रोची यंत्रणा, सहा राज्यांतली सुमारे २,४०० खेडी. शाळकरी मुलांसाठी खास कार्यक्रम होते. आणि त्याच उपग्रहावरून शिक्षकांना प्रशिक्षणही दिलं गेलं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. गावात पडदा पोचवणाऱ्यांनाही पडद्यापलीकडं उभा राहणारा माणूस तयार करावासा वाटला.

गोव्यात वरच्या वर्गांना सरकारच्या केअर्स योजनेत कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवतात. तिथंही आधी शिक्षकांनाच शिकवावं लागलं.

आणि २०२० तर आपण सगळ्यांनी पाहिलंच. सांगे आणि सत्तरी तालुक्यांतली मुलं नेटवर्कसाठी डोंगर चढून बसत होती. घरात एक फोन, तो बापाबरोबर सकाळी कामाला जायचा. तेव्हा यंत्राला पूर्ण संधी मिळाली होती, शाळेला कुलूपच होतं. कुलूप उघडल्यावर तिसरीत आलेली मुलं 'काना' आणि 'मात्रा' यांत गोंधळत होती, हे त्या वर्षी शिकवलेला कुठलाही शिक्षक सांगेल. त्याला यंत्र एकटं जबाबदार नव्हतं, पण एकट्या यंत्रावर काय होतं ते कळलं.

चूक वाचायची कशी

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. यंत्र निवडण्याआधी हे जमलं पाहिजे.

फळ्यावर ३०४ वजा १२८ लिहा. बरोबर उत्तर १७६. एका मुलानं लिहिलं २२४. एका मुलीनं लिहिलं १८६. मी वापरलेली सरावाची ॲपं दोघांनाही तीच लाल फुली दाखवतात, तोच रडका आवाज काढतात आणि "पुन्हा प्रयत्न करा" म्हणतात. पण या दोन चुका एकमेकींच्या गावच्याही नाहीत.

मुलानं प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढला आहे. आठातून चार, दोनातून शून्य, तीनातून एक. वर कोण, खाली कोण हे त्यानं पाहिलंच नाही. विचारलं की तो शांतपणे सांगतो, "बाई, चारांतल्यान आठ वचनात, देखून आठांतल्यान चार काडले." म्हणजे चारातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून चार काढले. त्याच्या मते त्यानं अडचण सोडवली आहे! मुलीला मात्र हातचा येतो. तिनं शतकाकडून दशकाच्या घरात दहा आणले, त्यातला एक एककाला दिला, आणि दशकात आता नऊ उरले हे विसरून दहातूनच दोन वजा केले. तिला "दहातला एक कुणाला दिलास?" एवढं विचारलं की ती स्वतःच जीभ चावते. मुलाला मात्र परत जमिनीवर बसवून काड्या आणि दहाच्या जुड्या हातात द्याव्या लागतात, जुडी सोडायला लावावी लागते. त्याला आणखी दहा गणितं दिली तर तो तीच चूक दहा वेळा पक्की करील. ॲप नेमकं तेच करतं: चुकलास, हे घे आणखी दहा.

यंत्राला हे कधीच कळणार नाही असं मात्र म्हणू नका, ते खरं नाही. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी १९७८ मध्येच वजाबाकीतल्या अशा चुकांचं वर्गीकरण करून, मुलाची उत्तरं पाहून त्यामागची चुकीची रीत ओळखणाऱ्या संगणक प्रणालीवर शोधनिबंध लिहिला होता. म्हणजे ओळखता येतं. आपल्या हाती येणाऱ्या ॲपमध्ये ते असतं की नाही, एवढाच प्रश्न. आणि ओळखल्यावर जुडी सोडायला शेजारी कुणीतरी बसावं लागतंच.

म्हणून नवं ॲप आलं की मुलांच्या हातात देण्याआधी स्वतः ते घेऊन बसा आणि मुद्दाम चुका. आधी २२४ द्या, मग १८६ द्या. दोन्हींना एकच प्रतिसाद मिळाला तर ते ॲप फक्त सरावाचं, ज्याला आधीच येतं आहे त्याच्या कामाचं. वेगळा प्रतिसाद मिळाला तर ते ठेवून घ्या. बरोबर उत्तरं देऊन ॲप तपासणं हा वेळेचा अपव्यय आहे, बरोबर उत्तराला सगळेच टाळ्या वाजवतात.

जोडीला एक चुकांची वही ठेवा. मुलाचं नाव, तारीख आणि चुकीचं उत्तर जसंच्या तसं. शेरा नको. दोन महिन्यांनी पानं उलटली की आपोआप गट दिसू लागतात: कोण हातच्यात अडतो, कोण 'एकोणसाठ' ऐकून ६९ लिहितो, कोण 'ण' आणि 'न' यांत अडखळतो. आमच्याकडे घरी कोकणी, शाळेत मराठी, दोन मुलं घरी कन्नड बोलणारी. अशा वर्गात कुणाची चूक गणिताची आणि कुणाची फक्त ऐकण्यातली, हे वहीतच कळतं.

त्या कन्नड घरच्या मुलांवरून आठवलं, द लागलेलं एक चांगलं काम सांगते. त्यातल्या एका मुलीची आई सभेला यायची, कोपऱ्यात बसायची, काही न बोलता जायची. फोनवरचं भाषांतर मध्ये ठेवून बोलले तेव्हा कळलं की मुलगी रात्री धाकट्या भावाला सांभाळते, म्हणून सकाळी पेंगते. भाषांतर ओबडधोबड होतं, पण पोचलं. ते यंत्राशिवाय झालं नसतं. आणि त्या आईला काय विचारायचं, हे यंत्राला सुचलं नसतं.

टॅब चालवायची रीत

आमच्यासारख्या शाळेत टॅबचं मुख्य काम शिकवणं हे नाहीच. त्याचं काम मला मोकळं करणं. शिक्षण हक्क कायद्यात साठपर्यंत मुलांना दोन शिक्षक सांगितले आहेत, आणि तीस मुलांमागे एक. चौदा मुलं आणि एक शिक्षक हा आकडा कागदावर फार सुखाचा दिसतो. पण चौदा मुलं चार इयत्तांत वाटलेली आहेत, आणि पहिलीला अक्षरओळख करून देताना माझे दोन्ही हात त्यांनाच लागतात. तेवढ्या वीस मिनिटांत तिसरी-चौथी काय करणार? पूर्वी फळ्यावर उतारा असायचा, तो ती तीन मिनिटांत उतरवून खिडकीबाहेर माकडं बघायची. आता टॅब.

पहिला नियम: नवा धडा टॅबवर कधीच नाही. जे मी शिकवलं आहे आणि ज्यात मूल निम्म्याहून जास्त वेळा बरोबर येतं आहे, तेच तिथं.

एका टॅबला तीन मुलं. एक जण बोट, तो पडद्याला हात लावणार. एक जण तोंड, तो प्रश्न मोठ्यानं वाचणार. एक जण वही, तो उत्तर आधी कागदावर लिहिणार. वहीत लिहून झाल्याशिवाय बोट पडद्याला लागणार नाही, हा नियम कडक पाळा. नाहीतर चार पर्यायांतले एकेक दाबत जाऊन बरोबर आवाज येईपर्यंत थांबायचं, हे तंत्र मुलं पहिल्याच दिवशी शिकतात, आणि ॲपच्या अहवालात ती 'पारंगत' दिसतात. दर पाच प्रश्नांनी बोट, तोंड, वही यांची अदलाबदल. चौथीचा एक हुशार मुलगा कायम बोट होऊ पाहतो, त्याला कायम वही करा, तो चिडेल पण लिहील.

मुलांची पाठ भिंतीकडे नको, तुमच्याकडे हवी. म्हणजे तुम्ही पहिलीपाशी बसल्या जागेवरून तिन्ही पडदे तुम्हाला दिसतात. वीस मिनिटं झाली की टॅब पालथा. मग प्रत्येक गटानं एक चुकलेला प्रश्न सांगायचा, त्यासारखंच एक गणित मी फळ्यावर देते, ते प्रत्येकानं एकट्यानं सोडवायचं. टॅबवर आलं आणि फळ्यावर नाही आलं, तर ते आलेलं नाही असं धरा.

जे पाहायचं ते आदल्या संध्याकाळी उतरवून ठेवा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा मंचावरचं साहित्य डाउनलोड करून नेटशिवाय चालतं. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचा उल्लेख आला की सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव निघतंच, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. लोक त्या बातमीत कोड पाहतात. मला त्यात एक शिक्षक दिसतो, ज्याला आपल्या वर्गाला काय हवं ते ठाऊक होतं आणि मग त्यानं यंत्र कामाला लावलं.

मोठ्यानं वाचलेलं ऐकून चुका दाखवणारी ॲपं चांगली आहेत, पण आपल्याकडे ती दसऱ्यानंतर काढा. जुलैत कौलांवर पाऊस कोसळत असताना ॲपला फक्त पाऊस ऐकू येतो, आणि बिचाऱ्या मुलाला शून्य तारे मिळतात. पावसाळ्यात जोड्या लावून एकमेकांना वाचून दाखवायला सांगा.

गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर पाहा. २०१५ पासून आहे, मुक्त परवान्यावर आहे, मराठीत आणि कोकणीतही गोष्टी मिळतात. चित्रं मोठ्या पडद्यावर लावा आणि आवाज बंद करून स्वतः वाचा. कुणाला कुठं हसू फुटतं तिथं थांबता आलं पाहिजे. रेकॉर्ड केलेला आवाज हशा पिकत असताना पुढं निघून जातो.

एआय कसं वापरावं

आधी एवढं समजून घ्या की चॅटजीपीटीसारखी भाषा-प्रणाली प्रचंड मजकूर वाचून, पुढं कुठला शब्द येणं संभवतं ते ठरवत वाक्य जुळवते. ज्या विषयावर मजकूर भरपूर, तिथं ती बरी. सत्तरीतल्या गावाबद्दल मजकूरच थोडा, तिथं ती न लाजता काहीही सांगते. आणि चुकीचं सांगतानाचा सूर बरोबर सांगतानासारखाच ठाम असतो, हा खरा धोका. अडखळणारा माणूस बरा, निदान संशय तरी येतो.

तयारीसाठी ती उपयोगी आहे, पण मागणी नेमकी करा. "वजाबाकीची गणितं दे" असं म्हणू नका. मी असं लिहिते: "दुसरीच्या मुलांसाठी दोन अंकी वजाबाकीची दहा शाब्दिक उदाहरणं. पाच हातच्याची, पाच बिनहातच्याची, सरमिसळ. संदर्भ नारळ, काजूबी, बसचं तिकीट, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. वाक्य आठ शब्दांपेक्षा मोठं नको. उत्तरं शेवटी वेगळी." दहातली सहा-सात चांगली निघतात. प्रत्येक उत्तर स्वतः काढून पाहा, आणि बस तिकिटाचे पैसे वाळपईचे आहेत की मुंबईचे तेही बघा. पूर्वी रविवारची दुपार ज्यात जायची ते काम तेवढ्यानं बरंच हलकं होतं. वाचलेला वेळ चुकांच्या वहीला द्या.

मुलांसाठी तिचा सगळ्यात चांगला उपयोग मला गणेश चवथीच्या सुमारास सापडला: यंत्राची परीक्षा. चौथीच्या मुलांनी घरच्या आज्जीला विचारून माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या मांडवीला, काय काय बांधतात त्याची यादी आणायची. करमलं, कवंडाळ, आंबाडे, तोरिंजन, चिबूड, तिरफळं, हरणं नावाची फुलं, सुपारीचं शिपटं, नारळाची पेंड. कुठलं कुठल्या डोंगरात मिळतं तेही. मग तोच प्रश्न मी माझ्या फोनवरून यंत्राला विचारते आणि उत्तर मोठ्या पडद्यावर लावते. आलेली यादी सफरचंद, संत्री, केळी अशी बाजारातली परडी होती, रानातल्या फळांचा बहुतेक पत्ताच नव्हता. मुलांनी लाल खडूनं गुण द्यायचे. ज्या मुलाला गणितात कायम लाल फुली मिळते, त्याच्या हातात लाल खडू आला की बघण्यासारखा होतो. मग यंत्राला आपली यादी द्यायची आणि फळ, फूल, कुठं मिळतं असा तक्ता करून मागायचा. तक्ता ते झटकन करतं. माहिती मुलांची, रेघा यंत्राच्या.

अशी परीक्षा कुठल्याही विषयात घेता येते. उत्तर तुम्हाला पक्कं ठाऊक असलेलेच प्रश्न घ्या: अंजुणे धरण कुठल्या तालुक्यात, दूधसागर कुठल्या नदीवर, गोवा मुक्त कधी झाला, घटक राज्य कधी झालं. शेवटच्या दोन तारखा, १९ डिसेंबर १९६१ आणि ३० मे १९८७, यंत्र बहुधा बरोबर सांगतं, तेव्हा त्याला पूर्ण गुण द्यायला लावा. मुलांनी यंत्राला हसायलाच शिकावं असा हेतू नाही, कुठं विश्वास ठेवायचा आणि कुठं आज्जीला विचारायचं हे कळावं.

मुलांच्या स्वतःच्या हातात मात्र एआय देऊ नका. चॅटजीपीटीच्या अटींतच तेरा वर्षांखालच्यांना मनाई आहे, आणि आपली मुलं सहा ते दहा वर्षांची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. त्यामुळं कुठल्याही ॲपमध्ये मुलाचं पूर्ण नाव, फोटो, आधार, आजार, जात घालू नका. मी टॅबवर मुलांना झाडांची नावं दिली आहेत: जांभूळ, बिंबल, भिरंड, कुडा. कोण कुठलं झाड हे फक्त माझ्या वहीत. बक्षीस देणारी, रात्री घरी पालकाच्या फोनवर "आज आला नाहीस" म्हणून ठणाणा करणारी ॲपं तर मी उघडतच नाही.

तुम्ही नसाल त्या दिवशी

एकशिक्षकी शाळेत हा खरा पेच. प्रशिक्षण, निवडणुकीचं काम, स्वतःचं आजारपण. मोठा पडदा लावून, आहाराच्या ताईंना "जरा लक्ष ठेवा" सांगून निघायचा मोह होतो. तो टाळा. पडदा लावलेला वर्ग बाहेरून शांत दिसतो, म्हणून तो चालू आहे असं सगळे धरून चालतात. शेजारच्या शाळेतून बदली शिक्षक येणार असतील तर त्यांच्यासाठी एक पान तयार ठेवा: य लागलेली कामं कुठली, कोणत्या टॅबवर काय उतरवलं आहे, आणि खाली दोन ओळी, कोण रडायला लागतं आणि त्याला काय लागतं. बदली बाईंना या दोन ओळींचा उपयोग बाकी पानापेक्षा जास्त होतो, हे मी स्वतः बदलीवर जाऊन अनुभवलं आहे. पालकांनाही हेच पान दाखवा. "यंत्र आहे ना" म्हणून शिक्षकाची जागा रिकामी ठेवली जात असेल, तर पालक-शिक्षक संघानं त्या पानाची प्रत जोडून अर्ज करावा. तोंडी तक्रारीपेक्षा ते जड पडतं.

सामानाची काळजी

हे कुणी शिकवत नाही. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की पडदा, इन्व्हर्टर, चार्जर यांच्या पिना भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. टॅबची काच ओल्या फडक्यानं पुसू नका, माध्यान्हाच्या पावभाजीनंतर आधी मुलांचे हात धुवा. प्रोजेक्टर असेल तर आपल्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते; पावसाळ्यात तो आठवड्यातून एकदा तरी थोडा वेळ चालवा आणि एरवी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. मे महिन्याच्या सुट्टीत टॅब पूर्ण चार्ज करून किंवा पूर्ण उतरवून कपाटात टाकू नका, निम्मी बॅटरी ठेवून बंद करा. कपाटाची किल्ली आणि टॅबचे पासवर्ड एका पाकिटात घालून मुख्य रजिस्टरात नोंदवा, कारण बदलीचा आदेश बहुधा सुट्टीतच येतो आणि नव्या शिक्षकाला जूनच्या पहिल्या दिवशी कपाट उघडावं लागतं.